देवधानाचा काठ

आमच्या तलावाच्या काठावर एक जागा आहे, जिथे बायका आता पाय ठेवत नाहीत. पाण्यातली बाई तिथे पाय ओढते, असं गाव अजूनही मानतं. ती बाई माझ्यामुळे आली.

आम्ही मासोळी धरणारे लोक. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. कॉलेजच्या दिवसांत सकाळची एसटी चुकू नये म्हणून कोणी ना कोणी मला सायकलवर बसवून सिहोऱ्यापर्यंत सोडायचं. ते उपकार मी विसरलो नाही. शाळेत मास्तर झाल्यावर मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत मला खुर्ची मिळाली. अध्यक्ष असलेले माझे चुलते, ज्यांना मी मोठे बाबा म्हणतो, ते सतरंजीवर बसले आणि म्हणाले, “सांग मास्तर, मासोळी काहून वाढून नाही राहिली?”

मी पुस्तकातलं सांगितलं. तलावात युरिया टाका, पाणी हिरवं होईल, मासोळीला खाणं मिळेल. वरच्या बांध्यांतून, म्हणजे धानाच्या शेतांतून, खताचं पाणी तलावात आधीच उतरत होतं, ते मात्र मी लक्षात घेतलं नाही. सलग दोन वर्षं आम्ही पोती ओतली. मासोळी खरंच वाढली. काठाचं देवधानही माणसाच्या डोक्यावर गेलं.

देवधान म्हणजे रानटी भाताचं गवत; ते कोणी पेरत नाही, पाण्यात आपोआप उगवतं. ऋषिपंचमीला नांगरटीचं खायचं नसतं, म्हणून आमच्या बायका पावसाळा सरताना चिखलात उतरून त्याच्या लोंब्या टोपलीत झोडतात आणि तो दाणा पुढच्या पंचमीसाठी ठेवतात. पाय टाकण्याआधी माय नेहमी गवताचा एक ठोंब उपटून मुळं बघायची. दुसऱ्या वर्षीच्या त्या सकाळी तिने तो माझ्या नाकासमोर धरला. चिखल काळा होता, सडक्या अंड्यासारखा वास येत होता.

“बाबू, हे गवत फसवून राहिलं. वर एवढं माजलं अन् खाली बोटभर मुळी.”

“खाणं तोंडाशी भेटते त मुळी कायले खाली जाईन, माय? घरी भात असला की मी कुठं जातो?”

“तू त बसल्या जागी खाते. ह्या मुळीले काठ धरून ठेवा लागते,” ती म्हणाली आणि तरीही उतरली. पंचमीचा दाणा घरात हवाच होता.

दहा पावलं गेली असेल. काठाचा खाटेएवढा तुकडा आवाज न करता फाटला आणि खोल पाण्याकडे घसरला. माय छातीपर्यंत चिखलात गेली. ती गवत धरायची आणि ते उपटून तिच्या हातात यायचं. पुन्हा धरायची, पुन्हा यायचं. तिची नजर माझ्यावर होती. मोठे बाबा डोंगा लोटत आले, तेव्हा कुठे आम्ही दोघांनी तिला ओढून त्यात घेतलं.

घरी तिचे पाय धुताना मला माझी कॉलेजची उत्तरपत्रिका आठवली. खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीवर प्रश्न होता. पाण्यात खत वाढलं की गवत उंच होतं, मुळं कमी होतात, चिखलातला पाला लवकर कुजतो आणि काठ ढासळतो, हे मी नीट लिहिलं होतं. पण मी समुद्र पाहिलेला नव्हता. ही गोष्ट समुद्राची आहे असं समजून मी ती परीक्षेच्या खोलीतच ठेवून आलो होतो.

मी म्हणालो, “माय, हे माझ्यानं झालं. मी सांगतो सगळ्यायले.”

“चूप राय. बाईनं ओढलं म्हणते गाव, म्हणू दे. तुले खुर्ची देतेत ते.”

मी चूप राहिलो. वर्षभर. बायका त्या जागी लांबूनच नारळ वाहू लागल्या आणि देवधानासाठी पलीकडच्या काठाला उतरू लागल्या. तिथलं गवतही तसंच माजलेलं, काळपट हिरवं होतं. वर्गात फळ्याकडे वळलो की मला मायचे दोन्ही हात दिसायचे, गवताने भरलेले.

पुढच्या मोसमात सोसायटीपुढे पुन्हा पोती उतरली. तेव्हा मी पलीकडच्या काठाचं गवत उपटून बैठकीत सतरंजीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. उत्तरपत्रिकेचंही सांगितलं.

मोठ्या बाबांनी मुळं बोटाने चाचपली. “म्हणजे बाई नाही?”

“नाही. खत होतं. मीच टाका म्हटलं होतं.”

“बाई असती त बरं होतं रे,” ते म्हणाले. “नारळानं मानली असती.”

कोणी रागावलं नाही. पोती परत गेली. तरी काठ अजून घसरतो, आणि बांध्यांचं पाणी अजून उतरतं. रविवारी मी आणि मोठे बाबा काठाने फिरतो. ते मुळं उपटून बघतात आणि विचारतात, “मुळी खाली जायले किती सालं लागतीन?” मला माहीत नाही, आणि मी तसं सांगतो.