आप्पासाहेबांचं तोंड कुठल्या बाजूला

"ताई, आप्पासाहेबांचा चेहरा तेवढा कापून काढता यील का?"

प्रशांत माझ्या दुकानाच्या फरशीवर उकिडवा बसून विचारत होता. समोर वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स पसरलेला. मी म्हटलं, "काढते की. पण मग उरतंय काय त्यात?" त्यानं नीट पाहिलं. वर 'हार्दिक', खाली 'शुभेच्छुक', आणि मधे सगळे आप्पासाहेबच.

कराडात माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. फ्लेक्स म्हणजे प्लॅस्टिकचं जाड कापड. छापून झालं की कडा दुमडून त्यात लोखंडी कड्या ठोकतात, त्यांना आयलेट म्हणतात. त्यातून दोरी ओवायची आणि बोर्ड बांधायचा. भारी फ्लेक्सची पाठ काळी असते, तो ब्लॅकबॅक. मागून ऊन आलं तरी पुढचा चेहरा फिका पडत नाही, म्हणून नेतेमंडळींना ब्लॅकबॅकच लागतो. वाढदिवस एका दिवसात संपतो. फ्लेक्स मात्र मरता मरत नाही.

प्रशांत जवळच्याच एका गावातल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष, आणि शुभांगी सेक्रेटरी. मंडळाची गावात ओळख काय, तर गणपतीतला डॉल्बी. पण त्यांच्याकडे ग्रामपंचायतीची एक खोली आहे, तिथं पोरंपोरी पोलीस भरतीचा अभ्यास करतात. यंदा ग्रामसभेत वडीलधाऱ्यांनी ठणकावलं होतं, "जिल्ह्याच्या युवा मंडळ पुरस्कारात नंबर काढा, न्हाईतर खोली सोडा. खताच्या गोदामाला देतो." प्रशांतला ते इभ्रतीवर आल्यासारखं वाटलं. शुभांगीचं तसं नव्हतं. ती भरतीची परीक्षा देणार होती, आणि घरी टीव्ही, चुलत्यांची पोरं आणि पाहुणे यांच्यात पुस्तक उघडायलाही जागा नव्हती.

पहिल्यांदा दोघं आले ते वृक्षारोपणाचा बोर्ड छापायला. मी स्पष्टच सांगितलं, "अरे, हा बोर्ड मी दरवर्षी छापते. साल तेवढं बदलते. खड्डा पण तोच असतो." शुभांगी हसली, प्रशांत हसला नाही.

"मग काय करू, तुमीच सांगा."

मागच्या बाजूला लोकांनी परत आणून टाकलेले जुने बोर्ड पडले होते. मी तिकडं बोट दाखवलं. दिवाळीनंतर माण, आटपाडीकडचे मेंढपाळ कृष्णाकाठी उतरतात. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात, आणि ती माणसं तिथंच पालं ठोकून राहतात. अवकाळी पाऊस आला की पालासकट भिजतात. फ्लेक्सची पालं शिवून द्यावीत, असं माझं म्हणणं. शुभांगीनं उभ्या उभ्या कामं वाटली. बोर्ड कुणी उतरवायचे, कुणी धुवायचे, कुणी शिवायचे. तळावरच्या प्रत्येक पालाला कापड द्यायचं असं पुरस्काराच्या समितीला कळवूनही टाकलं. रविवारी समिती बघायला येणार होती.

आणि आप्पासाहेबांच्या पीएचा फोन आला. "साहेबांचं तोंड मेंढरांत टाकताय म्हणं?"

आप्पासाहेब म्हणजे तालुक्यातलं मोठं प्रस्थ, आणि पुरस्काराच्या कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे. ते रुसले तर पुरस्कार गेला, आणि खोलीही. म्हणून तो चेहरा कापायचा विचार. तो फसल्यावर प्रशांत म्हणाला, "छापील बाजू आतनं करू. पाऊस लागायचा न्हाई, मान ऱ्हाईल." पीए राजी झाला.

पहिलं पाल बायाक्काला दिलं. तळावरच्या मेंढपाळांत सगळ्यात थोरली तीच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ते उतरवलं, घडी केली आणि प्रशांतच्या हातात ठेवलं.

"नगं बाबा. रातभर परका बाप्या वरनं दात काढून बघतोय. लुगडं बदलायचं कसं?"

"मग तोंड भाईरनं करू?" मंडळातल्या एकानं विचारलं.

"तसं केलं तर आप्पासाहेब मला गावाभाईर काढतील," प्रशांत म्हणाला.

तो पार गळाठला होता. शुभांगी मात्र त्या घडीकडं बघत उभी होती. "ताई, वाकळंवानी केलं तर? दोन बोर्ड तोंडाला तोंड लावून शिवायचे."

दुकानात आणून दोन बोर्ड एकमेकांवर टाकले. आयलेट बरोबर जुळले. आतून काळं, बाहेरून काळं, चेहरे मधे. थंडीला जाड, पावसाला पक्कं. इतकी वर्षं धंद्यात असून मला हे सुचलं नव्हतं. मला त्या पोरीचा फार अभिमान वाटला.

आता बोर्ड दुप्पट लागायला लागले. आप्पासाहेब निम्म्या तळावरच संपले. तेवढ्यात पलीकडच्या गटाच्या तात्यासाहेबांचा वाढदिवस झाला आणि त्यांचे बोर्ड उतरले. आप्पा आणि तात्या एका स्टेजवर कधी चढत नाहीत. एकाच्या लग्नपत्रिकेत दुसऱ्याचं नाव असलं तर पहिला जेवायला थांबत नाही. पण दुसरा माल नव्हता. प्रशांतनं सगळ्यांकडून ग्रामदैवताची शपथ घेतली आणि आम्ही दोघांना गालाला गाल लावून शिवून टाकलं.

रविवारी समिती आली, आणि सोबत न सांगता आप्पासाहेब. त्यांनी पालं पाहिली, वाकून आत डोकावलं. "आमचे बोर्ड कुठायत रं?"

बायाक्का पुढं झाली. "मधी हायती, साहेब. पावसाचा थेंब न्हाई, कुनाचा पाय न्हाई. उबंत ठिवलंय तुमास्नी."

आप्पासाहेब खूश झाले. मग त्यांनी कड चिमटीत धरून जाडी पाहिली. "आवं, हे दोन हायत की. माझ्यासंगं दुसरं कोन हाय?"

समितीची माणसं बघायला लागली. शुभांगी म्हणाली, "आपल्याच तालुक्यातलं हायत, साहेब."

ते तिच्याकडं बघत राहिले. "तात्या हाय व्हय?"

आप्पासाहेबांनी कड सोडली आणि पालावर हलकी थाप मारली. "झोपू द्या. पर त्याला सांगू नगा."

मंडळाचा जिल्ह्यात दुसरा नंबर आला. खोली राहिली. शुभांगीची परीक्षा व्हायची आहे, पण खोलीची किल्ली तिच्याकडंच असते आणि मला तेवढ्यानंही बरं वाटतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी प्रशांत दुकानात हजर. अभिनंदनाचा बोर्ड हवा होता. वर आप्पासाहेब, मधे मंडळ, खाली शुभेच्छुक. गिऱ्हाईकाला शहाणपण शिकवू नये. बोर्ड उतरल्यावर कुठं जाणार याचा विचार मात्र छापणाऱ्यानं आधीच करून ठेवावा.

"साईज काय धरू?" मी विचारलं.

"मोठ्ठा करा, ताई. तुमीच ठरवा."

मी ब्लॅकबॅक लावला, आयलेट जवळजवळ ठोकले आणि माप बायाक्काच्या पालाचं धरलं.