शंभर कड्यांची चेन

जनावरांच्या दवाखान्यात किस्से शोधायला जावं लागत नाही. म्हैस खोड्यात उभी असते, सलाईन थेंब थेंब चालू असते आणि ती संपेपर्यंत माणसं बोलत बसतात. बोरीच्या आमच्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून आले त्याला बरीच वर्षं झाली. ऐकलेलं सगळं लिहून ठेवलं असतं तर दवाखान्याच्या रजिस्टरपेक्षा जाड वही झाली असती! पण गेल्या वर्षी जे घडलं ते एकाही जनावराचं नव्हतं. ते माझ्या मोटरसायकलच्या चेनचं होतं.

आधी गाडीची ओळख करून देते. कधीकाळी धरणाच्या सर्व्हेला आलेली ही परदेशी गाडी, दगड-चिखलात चालवायलाच बनवलेली. पुढं लिलावात निघाली तेव्हा माझ्या सासऱ्यांनी घेतली. त्यांनी चालवली, आता मी चालवते. तिचा मडगार्ड चाकापासून चांगला वीतभर वर आहे. आमच्याकडची काळी माती ओली झाली की स्कूटीच्या मडगार्डात गच्च बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. ही थांबत नाही. ओढ्यापलीकडच्या वाडीला पावसाळ्यात जाणारं दुसरं वाहनच नाही.

आणि तिचीच चेन घसरायला लागली. पावसाच्या आत नवी बसली तर वाडीच्या जनावरांना डॉक्टर, नाहीतर चार महिने डॉक्टर नाही! सगळे मला एकच सांगत होते, "मॅडम, विका ती गाडी."

मीही सगळ्यांना एकच सांगत होते, "विकणार नाही!"

*

सोपानमामा आमचे परिचर. निवृत्तीला आलेले. बैलाचे दात बघून वय सांगतात आणि ते कधी चुकत नाही. एके दिवशी ते गाडीपाशी उकिडवे बसले आणि चेनच्या मागच्या दातेरी चक्राच्या एकेका दातावरून बोट फिरवलं.

"मॅडम, दात पार झिजलेत. वाकून आकडे झालेत नुसते. लय म्हातारी झाली हो ही. बाजार दाखवा हिला."

मी म्हटलं, "मामा, दात झिजले की बाजार दाखवायचा म्हणता? मग आधी तुमी तोंड उघडा बघू!"

मामांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तोंड उघडलं नाही.

निदान मात्र त्यांचं बरोबर होतं. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली तर तीही लवकर जाते. मी निमूटपणे लेथवाल्याकडून दोन्ही चक्रं नवीन करून घेतली. मामांना हे सांगितलं नाही.

*

दवाखान्याच्या समोरच चाँदभाईंचं गॅरेज. चाँदभाईंनी एक नेहमीच्या गाडीची चेन आणली. ती इतकी अरुंद, की चक्राचे दात तिच्या कड्यांत शिरेनात.

"बैठ जाती मॅडम. दो रोज चलाव."

"चाँदभाई, ती बसली नाही, नुसती टेकलीय."

"तो ठोक देतूं ना!" म्हणून त्यांनी हातोडा उचलला.

मी गाडीच्या आडवी उभी राहिले. "आधी मला ठोका!"

चाँदभाईंनी हातोडा खाली ठेवला. त्यांच्या मनाला लागलं होतं. म्हणाले, "मॅडम, तुमी घोड्याला इंजेक्शन देता तवा मी मधी बोलतो का?"

"शेळीची सुई घेऊन घोड्याकडं गेले तर जरूर बोला!"

त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला नाही. दुसऱ्या दिवशी दोन कप पाजले.

*

मे महिन्यात वळवाची एक सर येऊन गेली आणि नेमके त्याच दिवशी परभणीहून आमचे वरिष्ठ साहेब तपासणीला आले. वाडीचं लसीकरण बघायचं म्हणाले. त्यांची जीप ओढ्याच्या अलीकडेच रुतली.

मी गाडी वळवून म्हटलं, "बसा साहेब मागे."

"तुमच्या मागे?" साहेबांनी आजूबाजूला बघितलं. "नको नको. गाडीची चेन घसरतेय. मी चालत येतो."

घसरत्या चेनवर दोनदा थांबत मी वाडीत पोचले, सगळ्या जनावरांना लस टोचली. शेवटची गाय सोडली तेव्हा साहेब आले. अनवाणी! एक बूट हातात होता. दुसरा रानात राहिला होता, तो मामांनी नंतर काठीनं उकरून काढला.

आठवड्यानं अहवाल आला. 'लसीकरण समाधानकारक. रस्ता समाधानकारक. डॉक्टरांचे वाहन अयोग्य.'

मला असा संताप आला की मी तो कागद मामांना तीनदा मोठ्यानं वाचायला लावला. साहेब पुढं फोनवर म्हणाले, "मॅडम, एखादी स्कूटी घ्या. लेडीजना शोभते."

"साहेब, शोभेला नाही, वाडीला जायला गाडी पाहिजे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. बरं वाटलं.

*

मग मी मोबाइलवरून एक भारी चेन मागवली. कडी-कडीमध्ये बारीक रबराच्या रिंगा, आत ग्रीस कायमचं बंद. चाँदभाईंकडं पार्सल दिलं आणि मी एका अडलेल्या म्हशीकडं गेले.

परत आले तर चाँदभाईंचा चेहरा खुललेला. नवी चेन त्यांनी नेहमीच्या शिस्तीनं पेट्रोलात भिजवली होती आणि तारेच्या ब्रशनं घासून लख्ख केली होती. समोर ताटलीत तुटलेल्या काळ्या रिंगांचा ढीग.

"देखो मॅडम, नवी चेन बोलके देते, आन् अंदर इत्ता कचरा भरके भेजते! सगळा काढला मी!"

मी तिथंच एका टायरवर बसले. हसावं का रडावं कळेना. मग तीच चेन गाडीला लावून बघितली तर ती इतकी जाड, की इंजिनच्या कव्हरला घासत होती. म्हणजे रिंगा शाबूत असत्या तरी ती चालली नसतीच. जुन्या गाडीला साधी, बिनरिंगांची, योग्य रुंदीची चेन लागते, हे मला त्या ताटलीपुढं कळलं.

*

तशी चेन मिळाली परभणीच्या मोंढा बाजारात, शेतीयंत्रांचं सामान विकणाऱ्या अप्पांकडं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग आणि तोंडात कायम हिशेबाचे आकडे. मी शंभर कड्या मागितल्या. अप्पांनी मोजून तोडून दिल्या. बोरीला येऊन चाँदभाईंनी चेन चढवली तर जुळेचना! एक टोक अरुंद, एक रुंद. जोडकडी घालायला दोन्ही टोकं सारखी लागतात. जोडकडी धरून मोजल्या तर एकशे एक.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीनं परभणी.

"अप्पा, एक जास्त दिली तुमी."

"द्यायलाच पायजे की! नव्या कामाला कुणी नुसते शंभर देतं का? वर एक लागतोच."

"अप्पा, ही चेन हाय, आहेर न्हाई! एक काढा."

"माझ्या हातून न्हाई व्हायचं. एकशे एकाचे शंभर करू मी?"

दुकानातली गिऱ्हाइकं अप्पांच्याच बाजूची! एक जण तर म्हणाला, "मॅडम, मंग गाडीच थोडी लांब करा." मी जागची हलले नाही. तासाभरानं अप्पांनी डोळे मिटून एक कडी तोडली, ती माझ्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटवली.

"हिला पर्समधी ठिवा. गाडीवर शंभर, तुमच्यापाशी एक. झाले का न्हाई एकशे एक?"

*

नवी चेन बसली. पाऊस लागला तेव्हा साहेब पुन्हा आले. या वेळी लेखी आदेश घेऊन. 'सदर वाहन शासकीय कामास वापरू नये.' मी कागद घ्यायला हात पुढं केला नाही. साहेबांनी माझ्या टेबलावरची गाडीची किल्ली उचलली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"आता ही माझ्याकडे राहील."

"साहेब, गाडी माझी आहे."

"नोकरी सरकारची आहे, मॅडम!"

मामा दारात उभे होते. तेवढ्यात फोन वाजला. वाडीची गयाबाई. तिची गाय सकाळपासून अडली होती, वासराचा एकच पाय बाहेर होता. मी फोन स्पीकरवर टाकला.

"डाक्टरीणबाई, निघाल्या का?"

साहेबांनी फोन ओढून घेतला. "आजी, मी परभणीचा साहेब बोलतोय. डॉक्टर आज येणार नाहीत. त्यांच्या गाडीवर बंदी आहे. जीपची सोय करतो, उद्या-परवा येतील."

"हाव का? बरं, साहेब. मंग तिला तुमीच सांगा."

"कुणाला?"

"गाईला. तिच्या कानाला फोन लावायलेय. बोला."

फोनमधून गवताची सळसळ आली. मग मोठा, ओला श्वास. पलीकडं गाय हंबरली. लांब, खालच्या सुरात.

"बोला की, साहेब," गयाबाई लांबून म्हणाली. "ऐकायलीय ती."

साहेबांनी खिशात हात घातला. किल्ली टेबलावर ठेवली. माझ्याकडं न बघता एवढंच विचारलं, "चेन नवी बसवलीय ना?"