सुलाबाईंना दिसलेला डाग

सुलाबाईंना वाचता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून कोणाला वाटेल, बाई कुठल्या विद्यापीठातून आल्या!

सुरगाण्याच्या डोंगरातला भात कापून झाला की त्या निफाडला द्राक्षबागेत कामाला उतरतात. बावीस वर्षं झाली. द्राक्षांच्या रोगांवर काम करणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेला लागणारी पानं त्याच खुडून आणतात. त्या पानांचे आम्ही इतके बारीक फोटो काढतो, की तीन हंगामांत सगळ्या हार्डडिस्क तुडुंब भरल्या. म्हणून मी फोटो दहापट लहान करणारा प्रोग्राम लिहिला. मूळ आणि लहान केलेला फोटो शेजारी ठेवला, तर आमच्या साहेबांनाही फरक ओळखता येईना. संध्याकाळी मूळ फोटो पुसायचे ठरले.

पानांची पाटी ठेवायला आलेल्या सुलाबाई पडद्यासमोर थबकल्या.

"रोहिणीताई, या पानाला डावणी आलीय. त्याला काय नाय."

"मावशी, एकच पान आहे ते."

"मग त्याचा डाग कुठं गेला?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी मूळ फोटो मोठा करून पाहिला. शिरेजवळ खरंच पुसटसा तेलकट डाग होता, डावणी रोगाची पहिली खूण. माझ्या प्रोग्रामने तो फालतू समजून सपाट केला होता. तीन वर्षं आम्ही नेमका तोच डाग टिपत होतो!

तुम्हाला दिसला कसा, असं विचारलं तर म्हणाल्या, "पहिल्या साली असाच दिसलेला. बोलले नाय. माझं कोण ऐकणार? आठ दिवसांत अख्खी बाग गेली. तवापासून पहिलं तेच बघते."

पंधरा दिवस त्या माझ्याशेजारी बसल्या. त्या बोट ठेवतील तिथला बारकावा जसाच्या तसा ठेवायचा आणि बाकीचं पान दाबून लहान करायचं, हे प्रोग्रामला शिकवलं. फोटो आता आठपटच लहान झाले, पण डाग जागेवर राहिले. असले डोळे मी दुसऱ्या कोणाचे पाहिलेले नाहीत.

शेवटी मूळ फोटो पुसायला बसले.

"पुसलं का परत येत नाय?"

"नाही, मावशी."

"मग थांबा. परत दावा."

डाग असलेली दोनशे पानं त्यांनी एकेक करून पाहिली. माझा चहा गार झाला. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"हायेत सगळे. पुसा आता."

मी बटण दाबलं.