गाय कोथिंबीर आणायला गेली

ओझरच्या एका शाळेत मराठी शिकवणारे मल्हारी शेवाळे सर बोलायचे तेसुद्धा निबंधासारखं. भाजी घ्यायला गेले तरी आधी प्रस्तावना, मग मुद्दा. तोवर भाजीवाली दुसरी गिऱ्हाइकं उरकून घ्यायची.

एकदा सातवीच्या मुलांनी गाईवर निबंध लिहिला, तर सगळ्या वह्यांत एकच गाय. गाइडमधली. सर वैतागले. रविवारी सकाळी त्यांनी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फर्मान काढलं, "सर्वांनी मिळून एकच निबंध लिहायचा. प्रत्येकाने एक वाक्य, आधीच्या वाक्याला धरून. विषय गायच."

सायलीने सुरुवात केली, "आमच्या शेजारी एक गाय आहे."

सुयशने लिहिलं, "ती रोज सकाळी फिरायला जाते."

सर खूश झाले. तेवढ्यात रुद्रच्या नंबरवरून आलं, "येताना कोथिंबीर आणा, मागच्यासारखी पिवळी नको."

फोन रुद्रच्या आईचा, निरोप त्याच्या बाबांना. सर "हे काढा" असं टाइप करेपर्यंत वैष्णवीने लिहूनही टाकलं, "असं मालकिणीने सांगितल्यामुळे गाय नाशिकला द्वारका चौकात गेली."

"तिथे ट्रॅफिक होतं म्हणून ती रिक्षात बसली."

"मागे जागा नव्हती, रिक्षावाल्याने तिला पुढे शेजारी घेतलं."

"कोथिंबीर तिने वाटेतच खाल्ली."

आता रुद्रच्या आईनेच विचारलं, "मग ती रिकाम्या हाताने घरी कशी जाणार?"

ग्रुपवर एरवी फक्त सुप्रभातची फुलं टाकणारे बंटीचे आजोबा धोंडीराम म्हणाले, "मेथी घे म्हणावं. मेथी लय चांगली हाय आज."

सरांनी लिहिलं, "गाईला हात नसतात."

"असं रिक्षावाला म्हणाला आणि गाय रुसली," मनालीने पुढे जोडलं.

सरांनी लिहिलं, "विषयांतर होत आहे."

"असं ओरडत एक म्हातारा मागून धावत आला."

"मी म्हातारा दिसतो का गं?" सरांनी बायकोला विचारलं.

राखीताईंनी फोन हातात घेऊन सगळं वाचलं. हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ते राहू द्या. त्या म्हाताऱ्याने गाईची समजूत काढली का नाही?"

सरांनी बराच विचार केला. मग लिहिलं, "म्हातारा म्हणाला, रुसू नकोस, माझ्या स्कूटरवर बस." ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला.

पुढच्या आठवड्यात सरांनी 'माझी शाळा' हा विषय दिला. सुयशच्या निबंधात शाळाच वणीला सहलीला निघून गेली होती आणि मुलं मैदानात उभी होती. सरांनी लाल पेनाने दोन वेलांट्या सुधारल्या आणि समासात विचारलं, "शाळा परत कधी येणार?"