जहागीरदारांच्या वाकड्या भिंती

कुठल्याही खोलीत शिरले की साहेब आधी भिंतीला टाच लावून उभे राहत आणि ओठांतल्या ओठांत मोजत पलीकडच्या भिंतीपर्यंत चालत जात. "पहले कदम, बाद में टेप." कुणी घरी जेवायला बोलावलं तरी यजमानाचा हॉल मोजून झाल्याशिवाय बसत नसत.

तुम्हीही परमुलखात तऱ्हेतऱ्हेचे साहेब पाहिले असतील. आमचे जर्मन होते. तरुणपणी ओडिशात पोलाद कारखान्याच्या बांधकामावर होते, तिथलं हे हिंदी. घराणं खानदानी, म्हणून बहरीनला अदलियातल्या ऑफिसात आम्ही मराठी ड्राफ्ट्समन त्यांना पाठीमागे 'जहागीरदार' म्हणायचो. जहागीर मात्र महायुद्धात गेलेली. सरहद्द सरकली, त्यांचा मुलूख पोलंडात गेला, आणि तिथल्या सरदार घराण्यांना नेसत्या वस्त्रांनिशी पळावं लागलं.

आम्ही रजेत गावी जायचो. ते रजेत त्या सरहद्दीवर जाऊन इतर घराण्यांच्या हवेल्या मोजायचे. कुठे धान्याचं कोठार झालेलं, कुठे शाळा, कुठे छपरातून झाड वर आलेलं. स्वतःच्या घराच्या मात्र फाटकापासूनच परतायचे. "अपना घर? नेक्स्ट लीव, इंशाल्ला."

खरं सांगतो, मला त्यांचा हेवा वाटायचा. माणसाचं दुःखसुद्धा किती ऐसपैस असावं! खेडजवळचं माझं घर तीन खोल्यांचं. ते पडलं असतं तर टेप घेऊन कोण आलं असतं?

ती मापं शाईत उतरवायला त्यांनी आधी मलाच दिली. माझ्याइतका स्वच्छ हात ऑफिसात कुणाचा नव्हता, हे मी नाही, सगळेच म्हणत. एका दिवाणखान्याचे कोपरे काही केल्या जुळेनात. बहरीनचे नवे व्हिला काढून काढून माझा हात काटकोनाला सरावलेला. म्हटलं, म्हाताऱ्याचा टेप सैल पडला असेल. भिंत सरळ करून टाकली.

साहेबांनी कागदावरच्या त्या भिंतीवर बोट ठेवलं. "यह दीवार टेढी थी."

"साहब, मैंने ठीक कर दिया."

"वही तो," म्हणाले, आणि कागद गुंडाळून त्यांनी सावंताच्या टेबलावर नेऊन ठेवला.

सावंत कुडाळचा. हात जड, शाई फासायचा, ब्लेडनं खरवडून कागदाला भोकं पाडायचा. पण साहेबांच्या मापांच्या वहीत लिहिलंय तेवढंच काढायचा. साहेब चहाला त्याच्या स्टुलाशेजारी बसायला लागले, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला. मी सावंताबरोबर डबा खायचा बंद केला. त्या बिचाऱ्याला कारणही कळलं नाही.

एका वर्षी साहेब रजेवरून आले. या खेपेला ते फाटकाच्या आत गेले होते. तिथे राहणाऱ्या पोलिश बाईनं त्यांना सूप वाढलं आणि टेपचं दुसरं टोकही धरलं. स्वतःच्या घराची वही आता त्यांच्या टेबलावर होती. ते घर मला काढायचं होतं. दुसरं कुठलंच काम मला आयुष्यात इतकं हवंसं वाटलं नाही. धीर करून केबिनमध्ये गेलो.

"साहब, यह मैं बनाऊं?"

"तुम बहुत सुंदर बनाता है," ते मायेनं म्हणाले. "इसीलिए नहीं."

घर सावंतानंच काढलं. नोकरी संपवून साहेब निघाले तेव्हा विमानतळावर ड्रॉइंगची नळी त्यांच्या काखेत होती. मला त्यांनी हात मिळवला, सावंताला मिठी मारली.

दोन वर्षांनी ते वारल्याचं पत्र ऑफिसात आलं. सावंत तेव्हा कायमचा गावी निघाला होता. त्याच्याजवळ त्या घराची एक प्रत होती, ती त्यानं माझ्या हातात दिली. "तूच ठेय. माका काय करूचा हा?"

शुक्रवारी सुट्टी होती. दार लावून मी स्केल आणि सेटस्क्वेअर घेऊन बसलो, सावंताची एक तरी चूक सापडावी म्हणून. खोलीमागून खोली कागदावर लिहिलेल्या मापांशी ताडून पाहिली. संध्याकाळपर्यंत एकही सापडली नाही. मग त्या कागदावर डोकं टेकून मी ढसाढसा रडलो, आणि रडतानासुद्धा मला सावंताचा हेवाच वाटत होता.