ठमाबाईचा वैशाखातला नाताळ

कोलशेतला दर मे महिन्यात दोन गोष्टी हमखास होत. खाडीकडच्या आगरांत मिठाच्या राशी उभ्या राहत आणि काळुरामच्या अंगणात त्याची थोरली बहीण ठमाबाई नाताळ मांडी. पहिलीचं कुणाला नवल नव्हतं. दुसरीचं सुरुवातीला सगळ्या गावाला होतं, पण एकदा केक खाऊन झाल्यावर गावानं फार चौकशी केली नाही.

ठमाबाईचा नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. भावाच्या घरात बसून खायचं तिला जमेना, म्हणून ती कल्याणला रेल्वेच्या वसाहतीत पेरी नावाच्या इंजिन ड्रायव्हरकडे आया म्हणून लागली. ठेवली होती मुली सांभाळायला, पण दोन वर्षांत ती स्वयंपाकघरात शिरली. पेरीमडमेला केकचा भारी नाद. मडम अंडी फेटायला घेई आणि हात दुखला की भांडं ठमाबाईकडे देई. मडमेचा हात नेमका अवघड टप्प्यावर दुखे, त्यामुळे ठमाबाई अवघड तेवढं आधी शिकली आणि सोपं मागाहून.

डिसेंबर लागला की मडम पलंगाखालची हिरवी पत्र्याची पेटी बाहेर ओढी. तिच्यात मडमेच्या आजीच्या वेळचे काचेचे गोळे होते. त्यांची चांदी जागोजागी उडालेली, तरी उजेडात धरले की आपलं तोंड त्यात भोपळ्याएवढं दिसे. रेशमी शेपटीचे दोन काचेचे पक्षी होते. कागदाची एक घंटा होती, मिटली की पुस्तकाच्या पानासारखी चपटी, उघडली की गरगरीत. ठमाबाई मुलींच्या बरोबरीनं रंगीत कागदाच्या साखळ्या चिकटवी, अक्रोडाच्या टरफलांना सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद लावी. चौदा वर्षं हे चाललं.

अठ्ठेचाळीस साली पेरी मंडळी विलायतेला निघाली. मडम रडली, ठमाबाई रडली, आणि मग मडम म्हणाली, "ठमा, घरातलं तुला हवं ते माग."

काळुराम मिठाची होडी घेऊन कल्याणच्या बंदरावर बहिणीला आणायला आला होता. मडमेकडे शिवणाचं मशीन होतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं होडीत मधोमध जागा करून खाली पोतं अंथरलं होतं. ठमाबाई आली ती डोक्यावर हिरवी पेटी घेऊन.

"बाय, मशीन कुठं हाय?"

"मशीन नाय मागितली."

"मग काय मागितलंस?"

"ही."

काळुरामनं झाकण उघडून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "ह्ये काय हाय?"

"नाताळ हाय," ठमाबाई म्हणाली आणि त्या पोत्यावर पेटी ठेवून शेजारी बसली. कोलशेत येईपर्यंत काळुराम तिच्याकडे पाठ करून होडी हाकत राहिला. उतरताना मात्र पेटी त्यानंच उचलली, आणि हलवू नको, काच हाय, असं ती म्हणाली तेव्हा चिखलातून इतका जपून चालला की काठावरच्या बायांना वाटलं, पेटीत तान्हं मूल आहे.

पुढची तीनचार वर्षं वसाहतीतली एकेक घरं मोकळी होत गेली. कुणी विलायतेला, कुणी ऑस्ट्रेलियाला. सामान विकायला निघे, आणि लोक कपाटं, खुर्च्या, घड्याळं बघायला जात. ठमाबाईही जाई आणि विचारी, "नाताळचं काय मोडकंतोडकं हाय का?" साहेब लोक हसत आणि टोपलीभर काढून देत. अशानं तिच्याकडे केकचे आणि बिस्किटांचे पत्र्याचे साचे आले, एक पंख मोडलेली मेणाची परी आली, बर्फातून चाललेल्या घोडागाडीचं चित्र असलेले बिस्किटांचे डबे आले. एका डब्यात काळुरामची बायको गोदा हिनं सुका जवळा भरला. दोन दिवस नणंद-भावजय बोलत नव्हत्या.

पण डिसेंबरात कोलशेतला सवड कुणाला? भाताची झोडणी चाललेली, आगरांचे बांध घालायचे. पहिल्या वर्षी ठमाबाईनं पंचवीस तारखेला पेटी उघडली तेव्हा बघायला एक कोंबडी होती. मे महिन्यात मात्र भर दुपारी आगरात कुणी उभं राहू शकत नाही, घरोघर माहेरवाशिणी आलेल्या असतात. पावसाआधी पेटीला ऊन दाखवायचं असतंच, तेव्हा उन्हात मांडायचं ते रांगेत तरी मांडू, असं करत करत सणच तिकडे सरकला.

"साहेबाच्या मुलखात बर्फ पडतो म्हणून ते घरात बसतात," ती गोदाला सांगे, "आपल्याकडं ऊन पडतं म्हणून आपण बसतो. बसणं सारखंच."

झाड म्हणून ती बाभळीची फांदी रोवी. गोळे अडकवायला काटे आयतेच मिळत. झाडावर सावरीचा कापूस आणि बुडाशी आगरातलं जाडं मीठ, हा बर्फ. केक ती चुलीवरच भाजे. मोठ्या पातेल्यात खाडीची वाळू तापवून त्यात साचा ठेवायचा, वर पितळी परात आणि परातीत निखारे. मडमेच्या केकात अर्धी बाटली रम पडायची. इथं दारूबंदी आलेली, म्हणून ठमाबाई मनुका आणि सुकी करवंदं सकाळी नीरेत भिजत घाली. दुपारपर्यंत आंबून त्या नीरेचं काय होतं, हे विचारायला कुणी आलं नाही.

चोपन्न सालच्या मे महिन्यात काळुरामच्या मुलीला, तुळसाला, शहाडचं स्थळ सांगून आलं. मुलाचं नाव दौलत. तिकडच्या नव्या कारखान्यात तो फिटर होता. आईवडील नव्हते, आजी कमळाबाई आणि चुलता धोंडीबा यांनी वाढवलेला. मंडळी शुक्रवारी येणार होती. गोदानं नणंदेला बजावलं होतं, "वन्सं, गुरुवारी तुमचं ते सगळं पेटीत गेलं पायजे. लोक काय म्हणतील?" ठमाबाईनं मान डोलावली होती.

मंडळी बुधवारीच आली. शहाडहून मीठ न्यायला एक लॉरी कोलशेतला येत होती, आणि फुकटचं वाहन धोंडीबाला सोडवेना. लॉरी वळणावर दिसली तेव्हा अंगणात बाभूळ पुऱ्या थाटात उभी होती आणि चुलीवर केकला जेमतेम पाव तास झाला होता.

गोदानं दोरीवरचं ओलं लुगडं ओढलं आणि झाडावर टाकलं. करायला गेली झाकपाक, आणि झालं भलतंच. पाहुणे ओटीवर टेकले, पाणी झालं, आणि धोंडीबा अंगणाकडे बघत सावकाश म्हणाला, "त्या कोण उभ्या हायेत? त्यांना बसायला सांगा की."

वाऱ्यानं पदर हलला आणि आतून एक काचेचा पक्षी डोकावला.

"त्या कोण नायत," ठमाबाई म्हणाली. "बाभळ हाय."

मग तिनं सगळं सांगितलं. पेरीमडम, पेटी, नाताळ. धोंडीबाचा चेहरा लांब होत गेला. "म्हणजे तुम्ही किरिस्ताव झालात?"

काळुराम उठायच्या बेतात होता, पण ठमाबाईनं त्याला हातानंच थांबवलं. "चैती पालखीला मी दरसाल एकविरेला जाते. घरात देव हायेत, जाऊन बघा. हे देवाचं नाय, हौसेचं हाय. मडमेनं चौदा वर्षं मना घरातलं मानलं, तिची आठवण हाय. तुम्हाला नाय आवडलं तर झाका. पण माझ्यापायी पोरीला नाय म्हणू नका, ती त्यातली नाय. ती तर म्हणते, आते, एवढी काच पुसून देते, पण मना ते अंडं फेटायला सांगू नको."

तुळसा दाराआड होती. तिथून हसल्याचा आवाज आला आणि लगेच बंद झाला.

धोंडीबा काही बोलणार, तेवढ्यात कमळाबाईनं नाक वर केलं. सत्तरीची बाई, लॉरीत पुढं बसून आलेली, आल्यापासून गप्प होती. "वास कसला येतोय गो?"

"केक हाय. भाजतोय."

"आण बघू."

"अजून अर्धा तास. आता झाकण काढलं तर बसतो."

"बरं. निघू मग आम्ही," धोंडीबा म्हणाला आणि उठून दोन ढांगा टाकल्या. ठमाबाईच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "पाय आपटू नका, हादऱ्यानंसुद्धा बसतो." आणि धोंडीबा, चार गावांत ज्याचा शब्द चाले तो, एक पाय उचललेला तसाच थबकला आणि चवड्यावर चालत जागेवर येऊन बसला.

"अर्ध्या तासानं काय बिघडतं," कमळाबाई म्हणाली. "लॉरी अजून भरायची हाय."

तेव्हा थांबायचं ठरलं. सगळे हळू आवाजात बोलू लागले. बघायला आलेल्या मंडळींच्या एरवीच्या मोठमोठ्या गप्पा, जमीन किती, आगर किती, केकपायी कानगोष्टींसारख्या झाल्या, आणि तशा आवाजात कुणाला फुशारकी मारता येईना. कमळाबाईनं कागदाची घंटा मागून घेतली. तिनं ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "वाजत नाय?" तिनं विचारलं. नाय, असं कळल्यावर ती म्हणाली, "घरात अशीच पायजे."

दौलतचं लक्ष मात्र बाभळीकडे होतं. ओलं लुगडं पन्नास काट्यांत अडकून बसलं होतं आणि गोदा ते ओढायला निघाली होती. "ओढू नका," तो उठून म्हणाला, "आतली काच जाईल." तो झाडाशी गेला आणि एकेक काटा सोडवू लागला. कारखान्यातला हात, घाई नव्हती. थोड्या वेळानं ठमाबाईनं दाराकडे बघून नुसती मान हलवली, आणि तुळसा दुसऱ्या बाजूनं सोडवायला गेली. दोघांमध्ये लुगडं होतं, त्यामुळे धोंडीबाला त्यावर बोट ठेवता येईना.

"हा पक्षी कसला?" दौलतनं विचारलं.

"मना नाय म्हाईत. आतेला विचारलं तर ती दर वर्षी वेगळं सांगते."

"या वर्षी काय सांगितलं?"

"बगळा. पण बगळ्याला अशी शेपटी नसते."

"नसते," दौलत म्हणाला, आणि मग बराच वेळ त्याच एका काट्याशी खटपट करत राहिला. ठमाबाई चुलीपाशी बसून हे बघत होती. निखारे विझत आले तरी आणखी पाच मिनिटं तिनं झाकण काढलं नाही.

लुगडं सुटलं तेव्हा एकही गोळा फुटला नव्हता. केक एका अंगाला किंचित करपला होता. धोंडीबानं आधी नको म्हटलं, मग वास घेतला, मग चिमूटभर खाल्लं. दुसऱ्या वेळी चिमूट मोठी झाली. "यात अंडं हाय?" "हाय." "आणि दुसरं काय हाय? घशाला गरम लागतंय." "करवंदं हायेत," ठमाबाई म्हणाली. धोंडीबानं आणखी एक तुकडा घेतला आणि मुलगी पसंत असल्याचं तोच बोलून गेला. कमळाबाईला ते आपण सांगायचं होतं, म्हणून लॉरीत बसेपर्यंत ती त्याच्यावर रुसून होती.

लग्न माघात झालं. पुढच्या मे महिन्यात शहाडहून निरोप आला की ठमाबाईनं पेटी घेऊन यावं, कमळाबाई वाट बघतेय. ठमाबाई गेली. उल्हास नदीच्या काठच्या त्या घरात कमळाबाईनं केक शिकायला घेतला आणि पहिल्याच दिवशी साखरेऐवजी गूळ, वर ओलं खोबरं आणि वेलची घातली.

"ह्याला केक नाय म्हणत," ठमाबाई म्हणाली.

"नको म्हणूस. तुना आयतं खायचं हाय, नाव कशाला पायजे?"

तुळसा आणि दौलत मध्ये पडले नाहीत. केक भाजून झाला, फुगला नाही, तळाशी चिकटला, आणि सुरीनं खरवडून काढावा लागला. ठमाबाईनं पहिला तुकडा तोंड वाकडं करून खाल्ला, दुसरा गप्प बसून. तिसरा हातात घेतल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि कमळाबाईला विचारलं, गूळ नेमका किती घातला होता.