छत्रीचे वारस आणि एक साक्षीदार

मरणाची इतकी जय्यत तयारी करून इतका निवांत जगलेला दुसरा माणूस मी अख्ख्या भिवंडीत पाहिला नाही. आमच्या चाळमालकाचे ते मेव्हणे. मालकांचे मेव्हणे म्हणून आधी मालक त्यांना मेव्हणे म्हणायचे, मग भाडेकरू म्हणायला लागले, मग चहावाला, पोस्टमन, कल्याण नाक्यावरचा सायकलवाला. शेवटी शेवटी तर त्यांची सख्खी बहीण, म्हणजे आमच्या मालकीणताई, त्यासुद्धा “मेव्हणे जेवले का?” असं विचारायच्या. कारखान्यातले हिंदी बोलणारे कारागीर त्यांना अदबीनं “साले साहब” म्हणायचे. नात्याला धरून ते बरोबरच होतं, पण मेव्हणे उखडायचे. “नुस्ता साहब बोल रे! आधीचा शब्द पोटात ठेव.”

तीस वर्षं त्यांनी कोर्टात पट्टेवाल्याची नोकरी केली होती. कायदा ते दाराबाहेर उभं राहून शिकले. आत वकील जे बोलत ते दाराच्या फटीतून ऐकायचं आणि घरी येऊन बहिणीला समजावून सांगायचं, असं त्यांचं शिक्षण. पेन्शनीत निघाल्यावर कोन गावचं घर भावांवर सोपवून ते बहिणीकडं आले, चाळीच्या ओट्यावर लोखंडी खुर्ची टाकली आणि ज्याला त्याला मृत्युपत्र करायला लावू लागले. पुकारा करायची सवय मात्र गेली नव्हती. चहा झाला की ते ओट्यावर उभे राहत, हात पाठीमागं बांधत आणि कोर्टातल्यासारखं माणसाचं पूर्ण नाव बापाच्या नावासकट तीनदा पुकारत. तिसऱ्या हाकेपर्यंत तुम्ही पोचला नाहीत तर “गैरहजर!” म्हणून तुमचा चहा स्वतः पिऊन टाकत. मी संडासच्या रांगेत असताना माझे असे कितीतरी चहा गेले.

मी जालन्याकडचा. सातवीत शाळा सुटली आणि दुष्काळानंतर गावातल्या एकाच्या ओळखीनं भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आलो. म्हणून मी त्यांचा मराठवाड्या. गावी आई, बायको आणि दीड वर्षाची मुलगी. स्वभाव माझा आधीपासून घाबरट. पत्र आलं तरी काळजी, नाही आलं तरी काळजी. मेव्हणे म्हणत, “तुज्या कपाळावर सदा समन्स चिकटवलेला असतो.”

संध्याकाळी पहिली पाळी सुटली की ओट्यावर प्रश्न विचारणाऱ्यांची दाटी व्हायची. प्रश्न बहुतेक तेच तेच, पण मेव्हण्यांना कंटाळा म्हणून नाही. मृत्युपत्र केलं की माणूस लवकर मरतो का, हा प्रश्न तर रोजचा. “तसा असता तर सगळे वकील कवाच गेले असते,” असं त्यांचं ठरलेलं उत्तर. एकानं विचारलं, खोली बायकोच्या नावानं लिहिली आणि तिनं मला बाहेर काढलं तर? मेव्हणे शांतपणे म्हणाले, “मृत्युपत्र तू मेल्यावर लागू होतंय. मेल्यावर ती तुला भायेर काढनारच हाय.” स्टॅम्पाचा कागद लागतो का? “न्हाय. कोरा कागद चालतो, दोन साक्षीदार लागतात.” माझा शेजारच्या मागावरचा जोडीदार बनारसकडचा होता. तो एकदा म्हणाला, “साले साहब, अपने पास तो एक लोटा है, उसका क्या लिखना?” मेव्हण्यांनी त्याला खाली बसवलं. “दोन भाऊ हायत ना तुझे? आन् लोटा एक. म्हंजे भांडन तयार हाय. लिख!” लोट्याचं मृत्युपत्र झालं. त्याच्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

स्वतःचं मृत्युपत्र मात्र ते महिन्या दोन महिन्यांनी नवं करायचे. मालमत्ता म्हणाल तर एक पत्र्याची ट्रंक, एक सायकल, लाकडी मुठीची छत्री, कोटाला लावायचा पितळी बिल्ला (“सरकार परत मागायला विसरला, मी द्यायला विसरलो”) आणि कोनच्या आंब्याची एक फांदी. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा झाड एकच होतं, त्यातली खाडीकडची फांदी यांच्या वाट्याला आली होती. एवढ्या इस्टेटीवर त्यांनी साऱ्या चाळीला मुठीत ठेवलं होतं. ताईंनी जवळा चांगला केला की फांदी ताईंना. कालवणात मीठ जास्त झालं की पुढच्या मृत्युपत्रात फांदी मालकांना. छत्रीला तर चाळीतला प्रत्येक माणूस कधी ना कधी वारस होऊन गेला होता. ज्याची पाळी चालू असेल तो पावसाळ्यात मेव्हण्यांच्या मागं मागं फिरे. “मेव्हणे, वाऱ्यात उघडू नका, काडी मोडेल,” असं बजावे. म्हणजे छत्री मेव्हण्यांची, भिजायचे मेव्हणे आणि काळजी वारसाला.

माझं नाव मात्र कधीच आलं नाही. मी आणि बनारसवाला दोघं कायमचे साक्षीदार. आणि मेव्हण्यांचा नियम कडक होता, “ज्याला कायतरी मिळनार हाय त्यानं साक्षीला सही करायची न्हाय. उद्या कोर्टात उलटा विचारतील.” एकदा मी धीर करून म्हणालो, “मला काही नको मेव्हणे, पण एकदा छत्रीला नाव लागलं असतं तर बरं वाटलं असतं.” ते चष्म्यावरून बघत राहिले. “वारस पायलीला पन्नास मिलतात रे. साक्षीदार मिलत न्हाय.” मी हसलो, पण खरं सांगतो, मनाला लागलं होतं. परक्या गावात माणूस असल्या गोष्टी मोजत बसतो.

मग माझ्या हाताचं झालं. चालत्या मागावरचा धोटा सुटून उडाला आणि उजव्या मनगटावर बसला. आडवा धागा इकडून तिकडं नेणारा लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंड. जखम भरली, टाके निघाले, पाचही बोटं जागच्या जागी राहिली, पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट वळेना. मेव्हणे म्हणाले, “हजेरी पाच जनांची लागते, त्यातले दोन सुट्टीवर हायत.” लूमवर हे भारी पडतं. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे सारखे तुटतात आणि तुटला की चिमटीत धरून डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारावी लागते. माझी चिमटीच गेली. बनारसवाला स्वतःचे माग सांभाळून माझ्या गाठी मारून द्यायचा. मी घरी काहीच कळवलं नाही. पत्र त्याच्याच ओळखीच्या एका मराठी कारकुनाकडून लिहून घेई आणि “डोळे आले आहेत” असं कारण लिहायला लावत असे. महिनोन् महिने माझे डोळे आलेलेच होते.

आमचा कारखाना मोठा, त्यामुळं कामगार विम्याचं कार्ड होतं. कायमचं अपंगत्व ठरलं तर दरमहा पैसे मिळतात, हे मेव्हण्यांनीच सांगितलं आणि अर्जही भरून दिला. डॉक्टरांच्या मंडळापुढं तपासणीला मात्र मी एकटा गेलो आणि तिथं माती खाल्ली. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. डॉक्टरांनी विचारलं, काम करता येतं का? माझ्या डोळ्यांपुढं कारखान्याचे शेठ उभे राहिले. नाही म्हणालो आणि यांनी कारखान्यात कळवलं तर उद्या मागावर दुसरा माणूस. मी म्हणालो, “हो साहेब, सगळं येतं.” मूठ करा म्हणाले, तर नमस्काराच्या निमित्तानं डाव्या हातानं उजव्याची बोटं दाबून मिटवली. पंधरा दिवसांनी इंग्रजीत कागद आला.

तो कागद मी आठवडाभर बनियनच्या खिशात घेऊन फिरलो. शेवटी घामानं शाई पसरायला लागली तेव्हा मेव्हण्यांना दिला. त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. “कमाईच्या ताकदीत घट न्हाय, असा लिव्हलाय. अर्ज नामंजूर. काय बोललास तू तिथं?”

मी सगळं सांगितलं. मेव्हण्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, “मराठवाड्या, तू डॉक्टरसमोर नोकरीचा इंटरव्ह्यू देऊन आलास.”

“आता काय होणार?”

“आता अपील होनार. तीन महिन्यांची मुदत हाय.”

“शेठनी काढलं तर?”

“काढला तर काढला. पन पोरीला काय सांगशील मोठी झाल्यावर? हात दिला आन् वर शाबासकी मिलवली?” असं म्हणून त्यांनी ट्रंकेतून कागद काढला आणि अपील लिहायला घेतलं. तीन दिवस लिहीत होते. मला एकच शिकवण दिली, “साहेबापुढं खरा सांग. जास्त न्हाय, कमी न्हाय.”

सुनावणी मुंबईला. मेव्हण्यांनी कोट घातला, बिल्ला लावला, छत्री घेतली. तिथल्या पट्टेवाल्यानं माझं नाव पुकारलं ते बिचाऱ्यानं नाकातल्या नाकात. मेव्हण्यांना राहवलं नाही. त्यांनी व्हरांड्यात उभं राहून माझं नाव बापासकट असं तीनदा पुकारलं की समोरच्या खोलीतले दोन वकील आपापल्या फायली घेऊन बाहेर आले.

न्यायाधीश सडपातळ, शांत माणूस. मेव्हण्यांनी कोटाच्या खिशातून ताण्याच्या सुताची एक लहान गुंडी काढून टेबलावर ठेवली. “साहेब, हा कारागीर हाय. ह्याला तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला सांगा. दुसरा पुरावा न्हाय.”

आता एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती, मेव्हण्यांनाही नाही. बनारसवाल्यावर किती दिवस भार टाकायचा, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत सूत गुंडाळलेल्या बीमच्या आड बसून डाव्या हातानं आणि दातांनी गाठ मारायची सवय करत होतो. दोन महिन्यांत जमायलाही लागली होती. साहेबांनी धागा तोडून पुढं केला आणि मी, काय सांगू, भल्या मोठ्या साहेबापुढं कसब दाखवायची संधी आली म्हणून एक टोक दातात धरलं, मान वळवली आणि गाठ मारून दाखवली. पक्की गाठ. अभिमानानं मागं बघितलं तर मेव्हण्यांनी कपाळाला हात लावलेला.

साहेब म्हणाले, “पुन्हा मारा.”

मारली.

“पुन्हा.”

पाचव्या का सहाव्या वेळेला सुताचा तंतू घशात गेला आणि ठसका लागला. धागा थुंकीनं भिजून तुटला. ओठाला बारीक चीर पडून रक्त आलं. साहेबांनी स्वतःच्या हातानं पाण्याचा पेला पुढं केला.

“एका पाळीला असे किती धागे तुटतात?”

“मोजले नाहीत साहेब. तुटतच असतात.”

“आणि सगळे दातांनी बांधणार?”

 हो म्हणावं की नाही, परत तोच घोटाळा. तेवढ्यात मागून आवाज आला, “उत्तर दे मराठवाड्या! दात काय जन्माला पुरनार हायत?”

“शांत राहा!” तिथला पट्टेवाला मेव्हण्यांवर ओरडला. तीस वर्षं हे वाक्य दुसऱ्यांवर ओरडलेला माणूस ते ऐकून चक्क ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “बरोबर बोललास. पन आवाज अजून वर पायजे.” साहेब खाली बघून हसले. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा बहुतेक, सरळ म्हणालो, “नाही साहेब. जमणार नाही. हात गेलाय माझा.”

ते वाक्य बोलायला मला सहा महिने लागले होते.

अपील मंजूर झाल्याचा कागद आला तेव्हा मी ओट्यावर बसून रडलो. मेव्हणे ओरडले, “कागद भिजवू नको, नक्कल काढायचीय!” त्या दिवशी मी डाव्या हातानं गावाला पत्र लिहिलं, खरं खरं. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं, पण माझं. शेठनी काढलं नाही. सुताच्या गोदामात बसवलं. दरमहा विम्याची रक्कम येऊ लागली आणि वर्षभरात बायको मुलीला घेऊन भिवंडीला आली. मेव्हण्यांनी दुसऱ्याच दिवशी मला मृत्युपत्र करायला बसवलं. “आता तुज्याकडं कायतरी हाय.”

त्यानंतर काही वर्षांनी मेव्हणे गेले. माघातल्या एका सकाळी, चहा पिऊन, खुर्चीतच. तेरावं झाल्यावर ताईंनी सगळ्यांना ओट्यावर बसवून ट्रंक उघडली. जुनी मृत्युपत्रं दोरीनं बांधलेली होती आणि सर्वांत वर एक नवं. मालकांनी ते उलटसुलट करून बघितलं.

“ह्याच्यावर साक्षीदारांच्या सह्याच न्हाईत. कायद्यानं हा कागद चालनार न्हाय.”

साऱ्या भिवंडीला दोन साक्षीदार दोन साक्षीदार म्हणून घोकवून घेतलेला माणूस, आणि त्याच्याच कागदावर ती जागा कोरी. मालकांनी वाचायला सुरुवात केली तेव्हा कारण कळलं. फांदी ताईंना होती. सायकल पोस्टमनला. छत्री बनारसवाल्याला. चहावाला, सायकलवाला, संडासच्या रांगेतले सगळे, एकही माणूस सोडला नव्हता. सगळ्यांना काही ना काही दिल्यावर साक्षीला माणूसच उरला नव्हता.

“कायदा ठेवा दाराभायेर,” ताई म्हणाल्या. “भाऊ बोललाय तसाच व्हईल. पन पुकारा झाला पायजे, न्हाईतर त्याला आवडनार न्हाय.”

म्हणून मी उभा राहिलो. हात पाठीमागं बांधले आणि एकेकाचं नाव बापासकट तीनदा पुकारलं. आवाज काही त्यांच्यासारखा लागला नाही, पण माणसं येत गेली, आपापली वस्तू घेऊन गेली. बनारसवाला छत्री घेऊन गेला ती न उघडता, छातीशी धरून. ट्रंकेत तळाशी कागदाची एक पुडी उरली. मालकांनी वाचलं, “माझा कायमचा साक्षीदार मराठवाड्या, याला त्याची गाठ.”

पुडीत मुंबईच्या टेबलावरचा तो धागा होता. दातांनी मारलेल्या माझ्या गाठी, एकीवर फिक्कट तपकिरी डाग. साहेबांच्या टेबलावरून त्यांनी तो कधी उचलला, मला आजपर्यंत माहीत नाही.

सगळे माझ्याकडं बघत होते. पुकारणारा मीच आणि माझं नाव पुकारायला दुसरं कोणी नाही. ताईंनी मान हलवली. मग मीच माझं नाव पुकारलं, बापाच्या नावासकट. पहिल्या हाकेला कुणी हललं नाही, दुसऱ्या हाकेला माझी मुलगी हसली. तिसऱ्या हाकेला मी पुढं झालो आणि म्हणालो, “हजर.”